कारखाना नंतर, आधी वही

तळेगावला येणारा वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प 2022 मध्ये गुजरातला गेला, तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर चिपचा विषय निघाला की कुठल्या राज्याला काय मिळालं यावरच भांडण. पुढच्या वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली, मायक्रॉन या अमेरिकन मेमरी कंपनीने गुजरातचं साणंद धरलं, पण भांडण तेच. परवा एका मित्राने लिहिलं, "आधी कारखाना येऊ दे रे, पेटंट-बिटंट नंतर बघू." मी इथे कॅलिफोर्नियात मेमरी डिझाइनमध्येच आहे, आणि हे "नंतर बघू" किती महागात पडतं ते जवळून बघितलंय म्हणून लिहितोय.

रॅम्बसचंच घ्या. 1990 ची कंपनी, स्वतःचा चिपचा कारखाना नाही, नुसती डिझाइनं आणि पेटंटं. त्यांची आरडीरॅम ही मेमरी इंटेलने उचलून धरली, 2000 च्या शेवटी पेंटियम 4 हा प्रोसेसर आला तेव्हा त्याला तीच लागायची. डेटा जायची वाट (बस) अरुंद पण वेग जबरदस्त, फक्त स्लॉट रिकामा ठेवता यायचा नाही, सिग्नल पुढे जावा म्हणून त्यात चिप नसलेली कोरी पट्टी खोचावी लागायची. आणि भाव फार. समोर डीडीआर ही दुसरी मेमरी, स्वस्त, जेडेक या संस्थेत कंपन्यांनी मिळून ठरवलेलं स्टँडर्ड, मग बाजाराने डीडीआरच घेतली.

तरी रॅम्बसने डीडीआरवाल्यांकडे पैसे मागितलेच, कारण 1990 च्या मूळ अर्जातून ते वर्षानुवर्षं नवे क्लेम, म्हणजे पेटंटमधले हक्काचे दावे, काढत राहिले, क्लॉकच्या, म्हणजे चिपला ताल देणाऱ्या सिग्नलच्या, चढत्या-उतरत्या दोन्ही कडांवर डेटा पाठवायचा वगैरे, जे डीडीआरला बरोबर लागू पडायचे, आणि मधली काही वर्षं, 1996 पर्यंत, ते स्वतः जेडेकच्या मीटिंगला बसत होते पण या अर्जांबद्दल गप्प. 2001 मध्ये इन्फिनिऑन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये व्हर्जिनियाच्या ज्यूरीने ही फसवणूक आहे म्हटलं, 2003 मध्ये अपील कोर्टाने ते फिरवलं, का तर काय जाहीर करायचं हे जेडेकच्या नियमांत नीट लिहिलेलंच नव्हतं! हायनिक्स आणि मायक्रॉन या मेमरीवाल्यांशी वाद मिटायला 2013 उजाडलं. मला ते गप्प बसणं अजिबात पटत नाही, पण समोरचेही साव नव्हते, डीरॅमचे, म्हणजे याच मेमरी चिपचे, भाव संगनमताने ठरवल्याबद्दल सॅमसंगने 2005 मध्ये अमेरिकेत 30 कोटी डॉलर दंड कबूल केला. त्याच सॅमसंगने 2010 मध्ये रॅम्बसशी साधारण 90 कोटी डॉलरचा समझोता केला. कारखाना नसलेल्या कंपनीशी, हे लक्षात घ्या.

इथे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने सांगितलं, दुसऱ्यांची पेटंटं वाचत बसू नकोस, माहीत असून उल्लंघन केलं असं ठरलं तर भरपाई तिप्पट होऊ शकते. मला ते आजही खटकतं, कारण लोकांनी वाचून शिकावं म्हणून तर पेटंट उघड करतात ना. नंतर एका केसमध्ये आमच्या कपाटावर "काहीही फेकू नये" असा कागद चिकटला आणि कामातल्या कल्पना लिहून ठेवलेल्या माझ्या जुन्या वह्या वकिलांकडे गेल्या. आठ वर्षांपूर्वीच्या एका पानावर बोट ठेवून त्यांनी तारीख विचारली. तेव्हा अमेरिकेत शोध आधी कुणी लावला हे बघायचे, आधी अर्ज कुणाचा हा नियम 2013 मध्ये आला. पानाखाली शेजारच्या टेबलवरच्या बाईंची सही आणि तारीख होती, तेवढ्यावर निभावलं.

साणंदचं काम जोडणीचं आणि टेस्टिंगचं आहे, त्याने नोकऱ्या मिळतील आणि मला त्याचा आनंदच आहे. पण मेमरी कशी चालावी हे जिथे ठरतं त्या मीटिंगमध्ये आपले लोक आपल्या कंपनीच्या नावाने बसायला हवेत, तो वाद ग्रुपवर कोणी घालतच नाही.

"नंतर बघू" म्हणणाऱ्या मित्राची स्वतःची छोटी डिझाइन कंपनी आहे, सहा जणांची, आणि काम खरंच चांगलं आहे. त्याला विचारलं, तुमच्या वहीवर सही कोण करतं? म्हणाला वही कुठली, सगळं चॅटवर असतं, आणि सहा महिन्यांपूर्वी ज्याने फोन बदलला त्याचं गेलंसुद्धा. शनिवारी त्याला फोन करणार आहे, माझ्या वहीच्या पानांचे फोटो आधी पाठवून ठेवलेत.