महिनाभर कोमा म्हणजे संपलं?

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय: 'डोक्याला मार लागून पेशंट महिनाभर कोमात राहिला की ब्रेन डेड समजा. शंभरात एकही परत येत नाही. डोळे उघडले तरी ती नुसती रिफ्लेक्स.'

ब्रेन डेडचं इंदूरकरांना तरी सांगायला नको, अवयवदानाच्या ग्रीन कॉरिडॉरसाठी आपण कितीदा रस्त्यात थांबलोय. तो कायद्याने मृत्यूच. त्यासाठी डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. कॅलेंडर बघून कोणी ब्रेन डेड होत नाही.

आता 'शंभरात एकही नाही'. १९९४ साली अमेरिकेत डॉक्टरांच्या गटाने जुन्या नोंदी एकत्र केल्या. अपघातानंतर महिनाभर बेशुद्धच असलेल्या प्रौढांपैकी ५२ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले. हृदय बंद पडणं वगैरे कारणांनी मेंदूला इजा झालेल्यांत मात्र १५ टक्केच. म्हणजे महिना मोजण्याआधी कारण विचारा. आणि हेही लपवायला नको: त्या ५२ मधले चांगले बरे झाले म्हणावेत असे सातच. बाकीच्यांना कमीजास्त अपंगत्व राहिलं.

तिसरं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. खरा कोमा सहसा दोन ते चार आठवडेच टिकतो. पुढे डोळे उघडतात, पण भान असतंच असं नाही, आणि नसतंच असंही नाही. माझा आतेभाऊ सुपर कॉरिडॉरवर बाइकवरून पडला, हेल्मेट डिक्कीत. चाळिसाव्या दिवशी फिजिओथेरपिस्टने आत्याच्या पर्समधला छोटा आरसा मागून घेतला. "काकू, तुम्ही बोलू नका, नुसतं बघा." आरसा डावीकडे सरकला, डोळे मागोमाग गेले. उजवीकडे नाही गेले. परत डावीकडे, गेले. हीच किमान जाणिवेची, म्हणजे थोडंसं, अधूनमधून भान असण्याची, पहिली खूण असू शकते. २००९ च्या एका अभ्यासात, उपचार करणाऱ्या टीमने नेहमीच्या निरीक्षणावरून 'भान नाही' ठरवलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांत पद्धतशीर तपासणीत जाणिवेच्या खुणा सापडल्या. एकदा बघून भागत नाही, वेगवेगळ्या वेळी बघावं लागतं.

मेसेजखाली कोणीतरी लगेच 'अमेरिकेत १९ वर्षांनी उठला' टाकलंच. टेरी वॉलिस, अपघात १९८४, बोलला २००३. पण तो कोमात नव्हता, किमान जाणिवेच्या अवस्थेत होता. असं क्वचितच होतं. त्याच्या भरवशावर कोणाला धीर देऊ नका.

आतेभाऊ आता आत्याचा हात धरून छप्पन दुकानला, आमच्या खाऊगल्लीत, जातो. पोहे खाऊन झाले की पैसे दिले का, हे तिला तीन-तीनदा विचारतो.