सात आठे किती? थांबा, मोबाईल काढतो!

दहावीची मुलं शिकवणीला येतात आणि वहीच्या आधी मोबाईल बाहेर काढतात. कशासाठी? तर ७ × ८ साठी! अरे बाबांनो, बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. ४० मार्क, दोन तास, हाताशी फक्त पेन आणि डोकं. सांगून सांगून घसा बसला.

बरं, वापरता तर नीट तरी वापरा! क्ष² − ६क्ष + ५ = ०. नुसतं बघून सुटतं, ५ आणि १. पण आमचे वीर सूत्र घेऊन बसणार आणि त्यातल्या b² − 4ac साठी कंसाशिवाय −६² ठोकणार. यंत्र बिचारं इमानदारीत −३६ देतं, त्यातून २० गेले, −५६. मग मान वर करून मलाच ऐकवतात, ‘सर, मुळं वास्तव नाहीत.’ वर्ग ऋण आलाच कसा, एवढी शंकासुद्धा नाही!

साइन ३० अंश म्हणजे एक द्वितीयांश, हे नववीतलं. यांच्या स्क्रीनवर −०.९८८! यंत्र रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच एककावर आहे, अंशांवर आण म्हटलं की चेहरा कोरा.

पालकांचं वेगळंच. ‘पुढे सगळं कॉम्प्युटरच करणार ना सर?’ करू दे की. पेपर कोण सोडवणार?

परवा एकाने ७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १५३.९३८०४ असं शेपटासकट उतरवलं. पाय २२/७ घ्या, असं प्रश्नातच छापलेलं. १५४, संपला विषय! आणि एवढं करून पुढे चौसेंमी लिहायचं राहिलंच.