टेलोमियर वाढवून लिव्हरचा कॅन्सर बरा होत नाही

सध्या एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 'लिव्हरचा कॅन्सर टेलोमियर आखूड झाल्यामुळे होतो. अश्वगंधा-गुळवेलीचा काढा किंवा टेलोमियरच्या कॅप्सूल घेऊन ते वाढवा, गाठ विरघळेल. २००९ चं नोबेल याच शोधाला मिळालं. रक्ताची टेलोमियर टेस्ट केली की रुग्ण किती महिने जगेल ते कळतं, सीटी स्कॅनची गरज नाही. टर्ट जनुकात बिघाड निघाला तर शेवटची स्टेज. बायोप्सी करू नका, कॅन्सर पसरतो.' हे वाचून नात्यातल्या एका घराने ठरलेला सीटी स्कॅन रद्द केला. म्हणून सगळ्यात घातक मुद्द्यापासून सुरुवात करतो.

टेलोमियर म्हणजे गुणसूत्राच्या टोकाचा भाग. पेशी विभागली की तो थोडा झिजतो आणि फारच आखूड झाला की पेशी विभागणं थांबवते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होतं त्या आजारात, यकृताच्या पेशी वर्षानुवर्षं मरत आणि नव्याने तयार होत राहतात, त्यामुळे तिथले टेलोमियर आखूड झालेले असतात. मेसेजमधलं एवढं खरं आहे, ते मान्य. आखूड टोकांमुळे गुणसूत्रं तुटतात, चुकीची जोडली जातात आणि त्यातून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते, हेही खरं.

पण पुढची पायरी मेसेजने उलटी सांगितली आहे. अशा थकलेल्या पेशीला गाठ बनून वाढत राहायचं असेल तर टेलोमियरची झीज थांबवावी लागते. ते काम टेलोमरेज हे एन्झाइम करतं आणि त्याचा मुख्य घटक टर्ट जनुकातून बनतो. प्रौढ यकृतपेशीत हे जनुक जवळपास बंद असतं. गाठीत ते पुन्हा चालू होतं. बहुतेक वेळा जनुकाच्या सुरुवातीच्या १२४ अक्षरं आधी, क्वचित १४६ अक्षरं आधी, 'सी' या डीएनएच्या अक्षराच्या जागी 'टी' येतो आणि जनुक चालू करणाऱ्या प्रथिनांना तिथे बसायला नवी जागा मिळते. हिपॅटायटिस बीमध्ये कधी कधी विषाणूचा डीएनएच टर्टच्या शेजारी घुसतो आणि तेच काम करतो. म्हणजे टेलोमियर टिकवून धरणं ही गाठीची स्वतःची गरज आहे. ज्याच्या यकृतात गाठ आहे त्याला 'टेलोमियर वाढवा' असं सांगणं म्हणजे गाठीला हवं तेच देऊ पाहणं. २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना मिळालं ते टेलोमियर आणि टेलोमरेज गुणसूत्रांचं रक्षण कसं करतात या शोधासाठी. कॅन्सर बरा करण्याशी त्याचा संबंध नाही.

'टर्ट बिघडलं म्हणजे शेवटची स्टेज' याला उत्तर म्हणून एकच अभ्यास पुरतो. फ्रान्समधले ज्याँ-शार्ल नो, जेसिका झुकमन-रोसी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'हेपॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात सिरॉसिसमधल्या गाठी पायरीपायरीने तपासून दाखवल्या. टर्टचा हा बदल कमी धोक्याच्या कॅन्सरपूर्व गाठींपैकी ६ टक्क्यांत, जास्त धोक्याच्या गाठींपैकी १९ टक्क्यांत आणि अगदी सुरुवातीच्या कॅन्सरपैकी ६१ टक्क्यांत सापडला. त्यापुढच्या गाठींत तो ४२ टक्के होता. म्हणजे हा बदल कॅन्सरच्या उंबरठ्यावर घडतो. तो दिसला म्हणून स्टेज ठरत नाही आणि आयुष्याचे महिनेही मोजता येत नाहीत. टीपी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं असेल तर गाठ जास्त आक्रमक असण्याकडे कल असतो, हे खरं. पण एका रुग्णाचे उपचार आज त्यावरून ठरवत नाहीत. शिवाय सिरॉसिस असलेल्या रुग्णात सीटी किंवा एमआरआयवर ठरावीक चित्र दिसलं तर बायोप्सीशिवायच निदान होतं. मग जनुकं तपासायला गाठीचा तुकडाच हातात नसतो.

रक्ताच्या टेलोमियर टेस्टमध्ये पांढऱ्या पेशींचे टेलोमियर मोजतात, गाठीचे नाही. ही मोजणी बहुधा पीसीआरने होते आणि उत्तर एक गुणोत्तर असतं. डीएनए काढायची पद्धत बदलली की आकडा बदलतो, म्हणून दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून काहीही कळत नाही. आनुवंशिक टेलोमियर विकाराची शंका असेल तिथे अशा मोजणीचा खरा उपयोग आहे.

पुढचा अंदाज बांधायला डॉक्टर काय बघतात? गाठी किती आणि किती मोठ्या, त्या रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, यकृताबाहेर गेल्या आहेत का, रुग्ण स्वतःची कामं स्वतः करतो का, आणि यकृतात किती दम उरलाय. शेवटच्या प्रश्नासाठी चाइल्ड-प्यू गुण काढतात: बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप), पोटातलं पाणी, आणि मेंदूवर परिणाम होऊन येणारी गुंगी किंवा गोंधळ. ५-६ गुण म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी. तेवढ्याच आकाराची गाठ ए गटातल्या माणसात काढता येऊ शकते, सी गटात त्याच ऑपरेशनने जीव जाऊ शकतो. रक्तातलं एएफपी हे कॅन्सरचं सूचक प्रथिनही बघतात, पण ते नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो, म्हणून स्कॅनला पर्याय नाही.

बायोप्सीच्या सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात, हे घडतं, पण क्वचित. गरज नसेल तर डॉक्टर बायोप्सी करतही नाहीत.

राहिला काढा. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती वनस्पती गुळवेलच होती का, अशी शंका आयुष मंत्रालयाने घेतली. असेल, पण घरी आणलेली वेल कोणती हे कोण तपासतं? अश्वगंधेनेही कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. निरोगी माणूस बहुधा त्यातून सावरतो. सिरॉसिसच्या रुग्णाचं बिलिरुबिन ३ च्या वर गेलं आणि पोटात पाणी झालं की तो ए गटातून थेट बी किंवा सीमध्ये जातो. अटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅब या दोन औषधांच्या, पुढे गेलेल्या लिव्हर कॅन्सरवरच्या आजच्या एका प्रमुख उपचाराची मोठी चाचणी ए गटातल्याच रुग्णांवर झाली होती. त्यामुळे घरात डॉक्टरांनी न दिलेलं कुठलंही चूर्ण, काढा किंवा कॅप्सूल चालू असेल तर आज बंद करा, डबा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि रद्द केलेल्या सीटीची तारीख पुन्हा घ्या.