परभणीकरांच्या प्रतिक्रियेला थोडे सविस्तर उत्तर

परभणीकर महोदय,

'हप्ता मंगळवारी, पीक दिवाळीला' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. ते उत्तर सकाळी पुसून टाकले, हे आपल्या आणि माझ्याही हिताचे झाले. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, मायक्रोफायनान्स कंपन्या मराठवाड्याच्या गावोगावी बायकांना गटाने जी कर्जे देतात, त्यांचा आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता इथल्या कोरडवाहू शेतीच्या आणि ऊसतोडीच्या मिळकतीशी जुळत नाही, आणि म्हणून वसुलीचा आकडा चांगला दिसला तरी त्यावरून कर्जदार बाईचे बरे चालले आहे असे म्हणता येत नाही, असे मी त्यात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, कंपनी नसती तर हीच बाई महिना शेकडा पाचने सावकाराकडे गेली असती, लहान कर्ज दारात नेऊन देण्याचा आणि दारातून वसूल करण्याचा खर्च मी धरलेलाच नाही, आंध्र प्रदेशाने २०१० मध्ये कंपन्यांना वेसण घातली तेव्हा गरिबांचे कर्जच आटले, बचत गटही शेकडा दोननेच पैसे देतात, बांगलादेशात अशा कर्जांची सुरुवात करणाऱ्या मुहम्मद युनूस यांच्या नोबेलविषयी मी चुकीचे लिहिले, आणि, आपल्याच शब्दांत, "शहरात एसी लावून गरिबीवर लिहिणाऱ्यांवर सावकाराच्या ओट्यावर उभे राहण्याची वेळ कधी आलेली नसते."

आधी चूक कबूल करतो. युनूस आणि त्यांची ग्रामीण बँक यांना २००६ मध्ये मिळालेले नोबेल शांततेचे होते; मी ते अर्थशास्त्राचे म्हणून लिहिले. अर्थशास्त्राचे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले, आणि लिहिण्याच्या ओघात माझ्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र ही चूक दाखवताना "निदान एवढे तरी गूगल करून पाहायचे" हे वाक्य जोडण्याची काय गरज होती, ते मला कळलेले नाही. आमच्या गावच्या शाळेत गणित चुकले की मास्तर पाटीवर खूण करून पाटी परत देत. सगळ्या वर्गाला उभे करून ती पाटी दाखवत नसत.

आता ओट्याविषयी. सावकाराच्या ओट्यावर मी उभा राहिलेलो नाही हे खरे आहे. मी बसलो होतो. उभे होते ते माझे आजोबा. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांचा होतो आणि आमच्या औसा तालुक्यातल्या गावाहून दोन कोसांवर असलेल्या त्या ओट्यावर आजोबांनी मला बरोबर नेले होते, का नेले ते आजही सांगता येत नाही. कदाचित लेकरू बरोबर असले की समोरचा जरा नरम पडतो, असा त्यांचा हिशेब असावा. तीन एकर जमीन त्यांनी मुदत खरेदीने, म्हणजे मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत या बोलीवर, लिहून दिली. मुदत संपली, पैसे उभे राहिले नाहीत, जमीन गेली, आणि आई-वडिलांनी पुढचे दीड वर्ष दुष्काळी कामावर खडी फोडली आणि आम्ही पोरांनी सुकडी खाल्ली. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने बळकावलेली जमीन परत मिळण्याची सोय केली, तीही पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारांना. आमचे प्रकरण तेव्हा चाळिशी ओलांडून गेले होते. त्या जमिनीत आज ऊस उभा आहे, आणि गावाला गेलो की मी त्या बाजूच्या रस्त्याने जात नाही.

हे सांगण्याची मला हौस नाही. परंतु लिहिणाऱ्याने सावकार पाहिलेला नाही, असे गृहीत धरूनच आपण चर्चेला सुरुवात केलीत, म्हणून सांगणे भाग पडले. आणि एसीचे म्हणाल तर आहे. छत्रपती संभाजीनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी असलेल्या खोलीत मे महिन्यात राहून पाहा, मग बोलू.

त्याच ओघात आपण असेही लिहिले की, "वसुलीला एक दिवस जाऊन दाखवा." एक दिवस कशाला? मी नऊ वर्षे गेलो आहे. एका पतसंस्थेत कर्ज आणि वसुली या दोन्ही टेबलांवर मी काम केले. संस्थेचे नाव इथे घेत नाही, कारण पुढे ठेवीदारांचे जे झाले ते आठवून आजही लाज वाटते. वसुलीला सकाळी साडेसहाला निघावे लागते, कारण त्यानंतर घरात माणूस सापडत नाही, हे तुम्ही मला सांगू नका. शेजारणीकडून पैसे गोळा करून हप्ता भरणारी बाई कोणत्या आवाजात "घ्या, साहेब" म्हणते, तेही तुम्ही मला सांगू नका. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करण्यास मनाई केली, ती अशा सकाळी पाहिल्याशिवाय कोणी घातली नसेल.

एका डिसेंबरात मी वडवणी तालुक्यातल्या एका वाडीवर थकबाकीसाठी गेलो होतो. निम्मी घरे कुलूपबंद होती. आमच्या कर्जदाराच्या घरी त्याची म्हातारी आई आणि दोन लहान नातवंडे होती. नवरा-बायको कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात तोडीला गेले होते, ते मार्चअखेरीस परतणार होते. मी पुस्तक काढले तेव्हा म्हातारी म्हणाली, "तुमचंच तेवढं राहिलं बघा. गटाचं समदं भरून गेलेत, मुकादमाची उचल त्यातच गेली." हे वाक्य मला त्या दिवशी नीट कळले नाही. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, कंपनीच्या गटाचे हप्ते चुकू नयेत म्हणून त्यांनी मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, मजुरीवर आगाऊ उचल घेतली होती; आणि ती उचल फेडण्यासाठी ते जोडपे थंडीत कोणाच्या तरी फडात ऊस तोडत होते. कंपनीच्या दप्तरी ते कर्ज वेळेवर फिटले, शंभर टक्के वसुली. माझ्या वहीत मी "घर बंद" असे लिहिले, घर उघडे असताना.

माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच होता, आणि आपण त्याला हात न लावता पुढे गेलात. कंपनी आली म्हणून सावकार गेला, असे आपण समजता. ऊसतोडीच्या पट्ट्यात कंपनीच्या हप्त्याच्या मागे मुकादम उभा असतो, सोयाबीनच्या पट्ट्यात आडत्या उभा असतो, आणि दोन्हीकडे दुसऱ्या कंपनीचे कर्ज उभे असते. हप्ता दर आठवड्याला येतो. सोयाबीन वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, आणि तेही २०२४ सारख्या वर्षी, जेव्हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर होता आणि मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांवर माल विकला जात होता. मधल्या पन्नास आठवड्यांचे पैसे कोठून येतात, हा प्रश्न मी विचारला होता. दूध, शिलाई मशीन, किराणा असे रोजचे उत्पन्न असणाऱ्या घराला आठवड्याचा हप्ता सोयीचा पडतो, हे मी लेखात लिहिले होते. १९७६ मध्ये चितगावजवळच्या जोब्रा गावात युनूस यांनी स्वतःच्या खिशातून पहिली कर्जे दिली ती बांबूचे मोढे, म्हणजे बसायची स्टुले, विणणाऱ्यांसारख्या माणसांना. मोढा आज विणला तर उद्या विकला जातो. तूर तशी विकली जात नाही.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत असे वाटत असेल तर कोलकात्यात झालेला प्रयोग पाहावा. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कर्जदार बायकांना पहिला हप्ता पंधरा दिवसांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करून दिला, आणि तेवढ्या सवलतीने त्यांची धंद्यातली गुंतवणूक आणि पुढे जवळजवळ तीन वर्षांनंतरचा नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे आपण सांगण्याआधी मीच सांगतो. परंतु रिझर्व्ह बँकेनेसुद्धा २०२२ च्या त्याच निर्देशांत, कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा काळ लवचिक ठेवण्याचे धोरण प्रत्येक संस्थेने आपल्या संचालक मंडळाकडून मंजूर करून घ्यावे, असे सांगितले आहे. ते धोरण मंडळाच्या कपाटातून गावात हप्ता गोळा करण्याच्या बैठकीपर्यंत पोचलेले आपण पाहिले असेल तर कृपया गाव आणि तालुका कळवावा. मी स्वखर्चाने जाऊन येईन.

मूळ लेखात मी दाखला दिलेला हैदराबादचा मायक्रोफायनान्सवरचा अभ्यास शहरी वस्त्यांतला आहे, तो मराठवाड्याला लावू नये, हा आपला आक्षेप वाचून मला गंमत वाटली, कारण पुढच्याच परिच्छेदात आपण स्वतः आंध्रचे उदाहरण मराठवाड्याला लावले आहे. हैदराबादबरोबरच बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथे स्वतंत्र अभ्यास झाले, सहाही २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले, आणि सगळ्यांचा सूर एकच निघाला की, लहान कर्जाने थोडेफार बरे होते, आयुष्य पालटत नाही. मी याहून अधिक काही म्हटले नव्हते. "डाव्यांचा ठरलेला कांगावा" हे विशेषण आपण त्याला का लावले, ते आपणच जाणोत. आमच्या घरात आजवर कोणी डावे झालेले नाही. थोरला भाऊ तर आडतीच्या दुकानात मुनीम होता.

आंध्रचे म्हणाल, तर ऑक्टोबर २०१० च्या वटहुकुमानंतर तिथली वसुली कोसळली आणि नवी कर्जे थांबली, हे खरे आहे. एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांच्या ज्या अभ्यासाचा दाखला आपण दिलात, तोही मी वाचलेला आहे; आंध्रच्या बाहेरसुद्धा कर्ज आटले आणि त्यामुळे मजुरी घसरली, असे त्यात दिसते. यातून गरिबाला कर्ज हवे एवढे सिद्ध होते. ते याच हप्त्याने हवे, हे होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी शेअर बाजारात उतरली होती आणि तिच्या समभागांवर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या होत्या, हे मात्र आपण सोयीस्कर विसरलात.

बचत गटही शेकडा दोननेच देतो, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्केच, हे आपले गणित बरोबर आहे आणि समज चुकीची. १९९३ च्या भूकंपानंतरच्या वर्षांत आमच्या आईने चौदा बायकांचा गट चालवला. महिन्याला तीस रुपये बचत आणि आतल्या आत शेकडा दोनने कर्ज. व्याज गटातच राही आणि वर्षाअखेरीस त्याच चौदाजणींत वाटले जाई. पाऊस लांबला की आई हप्ता पुढे ढकलत असे, त्यासाठी तिला कोणाच्या संचालक मंडळाची परवानगी लागत नव्हती. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणी सुरू केली तिच्या मुळाशी हीच समजूत होती, आणि आज उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, गटांना तीन लाखांपर्यंतचे बँककर्ज सात टक्क्यांनी मिळते. गटांचेही पुष्कळ वाभाडे काढता येतील. कागदावरचे गट, अध्यक्षाच्या सुनेलाच कर्ज, हे सगळे मी पाहिलेले आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

खर्चाचा मुद्दा राहिला. दारात जाऊन लहान कर्ज देणे महाग पडते, मान्य. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये व्याजदरावरची कमाल मर्यादा काढली ती हेच समजून, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिनेच अवाजवी दर लावल्याबद्दल दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांसह चार कंपन्यांना नवी कर्जे वाटण्यास मनाई केली. यापेक्षा जास्त त्यावर मी आत्ता लिहीत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. काहींनी तशी सूचना केली होती. फक्त त्यातला माझ्या वयाविषयीचा उल्लेख गाळला आहे, कारण तो चुकीचाही होता.

शेवटी, आपण विचारले होते की, माझ्यावर स्वतःवर कधी कर्ज होते का. आहे. तो एसीच हप्त्यांवर घेतलेला आहे आणि घराचे कर्ज अजून सहा वर्षे चालणार आहे. दोन्ही हप्ते महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप वळते होतात. पेन्शन एक तारखेला जमा होते. कर्जाच्या फॉर्मवर तसा एक रकाना होता, आणि समोरच्या मुलीने तो भरून घेतल्यावरच हप्त्याची तारीख टाकली होती.