सायकल वाढत्या अंगाची घेत नाहीत

‘सायकल घेण्याआधी हे वाचाच, दुकानदार कधीच सांगणार नाही’ या मथळ्याचा मेसेज माझ्याकडे तीनदा आला. दोनदा मी तो न वाचताच पुसला. तिसऱ्यांदा तो ताईने पाठवला, खाली नव्याकोऱ्या सायकलचा फोटो आणि ‘यातलं सगळं बघूनच घेतली गं’ अशी ओळ. सायकल वीस इंची, भाची सहा वर्षांची. रविवारी तिला त्या सायकलवर बसलेली पाहिलं आणि आता गप्प बसवत नाही.

मेसेजचा पहिला मुद्दा असा: ‘मुलं भराभर वाढतात, म्हणून एक माप मोठीच घ्या. चार वर्षं बघायला नको.’ बाकीचे बरेचसे मुद्दे चुकीचे असले तरी फार तर पैसे वाया घालवतील किंवा गुडघे दुखवतील. या मुद्द्याने मूल पडतं.

मी टेप आणून मोजलं. भाचीला भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं केलं, दोन पायांच्या मध्ये एक पुस्तक आडवं वर सरकवलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घेतलं: ४९ सेंमी. सायकलची सीट पार तळाला बसवलेली होती, त्याखाली जायला जागाच नव्हती, तरी तिची उंची ५९. पोरगी थांबताना सायकल एका बाजूला कलती करायची, तेव्हा कुठे एका पायाचा अंगठा टेकायचा. हँडल लांब, म्हणून कोपर ताठ. ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटांची फक्त टोकं पोहोचत होती. मागचं चाक उचलून मी फिरवलं आणि तिला म्हटलं, दाब. ओठ आवळून तिने सगळा जोर लावला. चाक फिरतच राहिलं. आदल्याच दिवशी ती वळताना पडली होती आणि हनुवटी सोलवटली होती. घरच्यांनी तिलाच समजावलं होतं, ‘घाबरतेस म्हणून पडतेस.’ ती घाबरत होती, कारण तिचे पाय पुरत नव्हते!

मुलांच्या सायकलींच्या सुरक्षिततेसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८०९८. लहान मुलाची सायकल म्हणजे कोणती, हे त्यात कशावरून ठरवलंय? वयावरून नाही, चाकाच्या इंचांवरूनही नाही. सीट जास्तीत जास्त किती वर जाते त्यावरून: ४३५ मिमीपेक्षा जास्त आणि ६३५ मिमीपेक्षा कमी. त्याहून उंच सायकली आयएसओ ४२१० या वेगळ्या मानकाखाली येतात. ब्रेकची लिव्हर हँडलपासून किती लांब असावी याचीही मर्यादा आहे, कारण मुलाचा पंजा लहान असतो. सायकलचं माप म्हणजे बसणाऱ्याचं शरीर. वीस इंच हे चाकाचं माप आहे, मुलीचं नाही.

यातली पैशांची बाजू खरी आहे, तेवढी मान्य करते. मुलांना सायकल खरंच दोनतीन वर्षांत लहान होते. पण वाढीची सोय आजच्या मापाच्या सायकलमध्येही असते. सीटखालची दांडी उंचीप्रमाणे वर घेता येते. तिच्यावर एक खूण असते, ती खूण नळीच्या बाहेर दिसू लागली की त्यापुढे ओढायची नाही. ती दांडी लांब आहे का, हे घेताना बघा. तेवढंही परवडत नसेल तर मापाची जुनी सायकल घ्या. ‘आम्ही नाही का मोठ्यांच्या सायकलवर शिकलो’ हेही ऐकवलं जातं. शिकलो, गुडघे फोडून घेत, कारण घरात दुसरी सायकल नव्हती. आता निवड हातात असताना तीच वेळ मुलांवर का आणायची?

दुसरा मुद्दा वाचून तर मी ताईला फोनच केला. ‘पुढच्या ब्रेकने मूल उलटं पडतं, तो सैल करून घ्या.’ तिने घेतला होता! ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, ते रस्ता धरून ठेवतं; मागचं हलकं होतं आणि घसरतं. म्हणजे सायकल थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. पुढचा एकटाच कचकन दाबला तर तोल जातो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही ब्रेक हळूहळू एकत्र दाबायला शिकवणं. आयएसओ ८०९८ मध्ये दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक सांगितलेत, ते उगाच नाही.

‘गिअर जितके जास्त तितकी सायकल चांगली.’ एकवीस गिअरची एक नेहमीची जुळणी घ्या. पुढे २८, ३८, ४८ दात्यांची चक्रं, मागे १४ पासून २८ पर्यंत सात. पुढे २८ आणि मागे १४ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे. पुढे ४८ आणि मागे २४, तरीही दोनच. असे सारखे किंवा जवळजवळ सारखे गिअर त्या एकवीसमध्ये बरेच असतात. सपाट रस्त्यावर रोज थोडं अंतर जाणाऱ्याला सहासात पुरतात. चढ असेल तर सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते विचारा, एकूण किती ते नको.

‘सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत.’ शिकणाऱ्या मुलासाठी अगदी बरोबर. पण मेसेज हे मोठ्यांनाही सांगतो, आणि इतक्या खाली बसून रोज सायकल चालवणाऱ्याचे गुडघे दुखतात. मोठ्यांनी टाच पायडलवर ठेवून बघावी: पायडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो, साधारण २५ ते ३५ अंश.

मऊ जाड सीट, शॉकअप आणि डिस्क ब्रेक हवेतच, असंही मेसेज सांगतो. मऊ जाड सीट दुकानात पाच मिनिटं छान वाटते. तासाभराने हाडं तिच्यात रुततात आणि मधल्या भागावर दाब येऊन मुंग्या येतात. स्वस्त सायकलचे पुढचेमागचे शॉकअप वजन वाढवतात आणि पायाचा जोर खातात. धक्के कमी करायला थोडं रुंद टायर आणि बेताची हवा चालते. डिस्क ब्रेक पावसात सरस, हे कबूल. पण कोरड्यात नीट बसवलेले साधे रबरी ब्रेकही उत्तम थांबवतात.

ताईने पुढचा ब्रेक काल घट्ट करून घेतला. दुकानदार सायकल बदलून द्यायला तयार आहे. शनिवारी भाचीला घेऊन जातोय, टेप पर्समध्ये आहे. या वेळी आधी ती बसेल, पाय टेकवेल, दोन्ही ब्रेक स्वतः दाबून चाक थांबवून दाखवेल, मग रंग निवडेल.