मधले २४ बार

बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ'चा विषय निघाला की लेनन मोठा की मॅकार्टनी यावर हमखास जुंपते. मला त्यात रस नाही. माझं मत विचाराल तर हे गाणं मोठं झालंय ते त्यातल्या फटींमुळे.

१७ जानेवारी १९६७ चा 'डेली मेल' समोर उघडा ठेवून लेनन पियानोवर बसला होता. ओळखीतला टॅरा ब्राउन महिनाभरापूर्वी मोटार अपघातात गेला होता, त्याच्यासंबंधीची एक बातमी त्यात होती. आणि त्याच अंकात, ब्लॅकबर्नच्या रस्त्यांवर ४,००० खड्डे असल्याची फुटकळ बातमी. हे खड्डे आणि लंडनचं अल्बर्ट हॉल हे संगीतगृह गाण्याच्या एका ओळीत बसवायचे होते, पण मधलं क्रियापद काही केल्या सुचेना. शेवटी ते टेरी डोरन या मित्राने पुरवलं: खड्ड्यांनी हॉल 'भरायचा'. म्हणजे पहिली फट बाहेरच्या माणसाने बुजवली!

गाण्याला मधला भागही नव्हता. मॅकार्टनीकडे सकाळी उठून, केस विंचरून, धावतपळत बस गाठण्याचा एक तुकडा पडून होता. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दुसरा कोणी असता तर चार ओळींचा सांधा लिहून मोकळा झाला असता. यांनी १९ जानेवारीला रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मध्ये २४ बार (संगीतातले हो, म्हणजे तालाची आवर्तनं!) चक्क रिकामे सोडले. तिथे पुढे काय येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माल एव्हान्स हा त्यांचा सहायक मोठ्याने आकडे मोजतोय, त्याच्या आवाजावरचा एको (प्रतिध्वनी) वाढत चाललाय आणि मोजणी संपल्याची खूण म्हणून गजराचं घड्याळ वाजतंय. ही निव्वळ कामचलाऊ खूण. पण त्यानंतर मॅकार्टनी गातो काय, तर जाग आली, बिछान्यातून उठलो! गजर तिथेच राहिला, आजही ऐकू येतो.

ती रिकामी जागा भरली १० फेब्रुवारीला. मॅकार्टनीला ९० जणांचा ऑर्केस्ट्रा हवा होता, निर्माता जॉर्ज मार्टिनने ४० वर भागवलं. मार्टिनची खरी कमाल मला इथे दिसते. त्याने प्रत्येक वाद्याचा सर्वांत खालचा स्वर सुरुवातीला लिहिला, शेवटी ई मेजर या स्वरमेळाच्या जवळचा सर्वांत वरचा, आणि मध्ये नुसती नागमोडी रेघ. वादकांना सूचना एवढीच: शेजाऱ्याचं ऐकू नका, आपापले वर चढा. आयुष्यभर एकमेकांशी सूर जुळवण्यात गेलेली ही माणसं, वर त्या दिवशी संध्याकाळच्या औपचारिक पोशाखात आणि कोणी खोटं नाक लावून, एकाच्या हातात गोरिलाचा पंजा! हे चार वेळा रेकॉर्ड करून एकमेकांवर चढवलं, म्हणजे जवळपास १६० वाद्यांचा तो कल्लोळ. त्यासाठी चार-ट्रॅकची दोन यंत्रं एकत्र चालवावी लागली.

या गडबडीत बीटल्सचा ड्रमर रिंगोकडे दुर्लक्ष होतं. लेननच्या कडव्यांत त्याचे ड्रम नुसता ठेका धरून बसत नाहीत, ते शब्दांना उत्तर देतात.

दुसऱ्यांदा तो कल्लोळ चढला की समेवर यायलाच हवं. आधी सगळ्यांनी एकत्र 'हम्म' करून पाहिलं होतं. ते फिकं पडलं. मग २२ फेब्रुवारीला लेनन, मॅकार्टनी, रिंगो आणि माल एव्हान्स यांनी पियानोंवर एकदम ई मेजर हाणला. आवाज विरत गेला तसतसा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक पातळी वाढवत राहिला. ४० सेकंदांहून अधिक वेळ ती तार लांबते.

आता हे ठेवायचं कुठे? 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा पूर्ण अल्बम म्हणजे एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम. १ एप्रिलला त्यांनी शीर्षकगीताची छोटी, वेगवान आवृत्ती केली. तीत बँड निरोप घेतो. कार्यक्रम तिथे संपला. आणि विरत चाललेल्या टाळ्यांच्या आतून 'अ डे इन द लाइफ'ची साधी गिटार वर येते. निरोपाचं गाणं एफ या पट्टीत सुरू होऊन जी मध्ये चढलेलं, आणि हे गाणं जी मध्येच सुरू होतं. म्हणून सांधा कानाला खुपत नाही, पण पोटात मात्र गोळा येतो, कारण रंगीत कपडे उतरले आहेत आणि समोर वर्तमानपत्र वाचणारा माणूस आहे. काही संकलनांत टाळ्या काढून नुसत्या गिटारने सुरू होणारी आवृत्ती आहे. स्वच्छ आहे, पण मला ती अर्धी वाटते. शिवाय त्या शेवटच्या ई मेजरनंतर दुसरं कुठलं गाणं ठेवणार? जे ठेवाल ते बिचारं हास्यास्पद ठरेल. (गाण्यातल्या एका ओळीत ड्रग्ज दिसले म्हणून बीबीसीने बंदी घातली, तो वेगळाच तमाशा.)

एकच गोष्ट मला अजून पटलेली नाही. त्या शांततेनंतर मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर कुत्र्यांना ऐकू यावा असा अतिउच्च स्वर आहे आणि शेवटच्या खाचेत गोल फिरणारी निरर्थक बडबड. एवढं सगळं करून वर हा वात्रटपणा! मी ती यायच्या आत थांबवतो. पण त्याआधी आवाज पूर्ण वाढवून कान लावतो, कारण तार अगदी विझत असताना कोणाची तरी खुर्ची करकरते.