शंभरी ओलांडलेलं रिव्हॉल्व्हर आणि बिनबुडाचा फॉरवर्ड

नौपाड्यात पुनर्विकासासाठी जुन्या इमारतींचे माळे रिकामे होऊ लागले, तसा ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: पणजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं तर शंभर वर्षांमुळे परवाना लागत नाही, बनावटीचं साल त्यावरच कोरलेलं असतं, घासूनपुसून चकचकीत करा, परदेशी लिलावात लाखांत जातं.

आधी परवाना, कारण इथे थेट तुरुंगाची गाठ आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात नुसत्या वयाला सूट नाही. कलम ४५ प्रमाणे कालबाह्य, पुरातन किंवा मोडकं शस्त्र सुटतं, पण ते दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल तरच. १९१५ ची वेब्ली मार्क सिक्स, म्हणजे ब्रिटिश लष्कराचं रिव्हॉल्व्हर, शंभरीपार गेली, तरी चाप ओढला की सिलिंडर फिरतंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना शस्त्राला किमान दोन वर्षं कैद आहे. सापडलेलं शस्त्र पोलीस ठाण्यात कळवून जमा करायचं. वारसाने परवाना मागायचा तो त्यानंतर.

आता साल. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरवर १८७१, १८७२ असं दिसतं, ते पेटंटचं. विसाव्या शतकात बनलेल्या नगांवरही तेच आहे. वय निघतं अनुक्रमांकावरून. वेब्लीच्या फ्रेमवर एक क्रमांक आणि सिलिंडरवर दुसरा असेल, तर भाग बदललेले आहेत. भाव तिथेच पडतो. मुकुटाखाली 'व्ही आर' आणि शेजारी १९०७ दिसलं तर सरळ हात जोडा: व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्येच वारली. असा नग नकली. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलचे नकला बनवणारे कारागीर लोखंड झकास घडवत, इंग्रजी मात्र बघून गिरवत. कधी 'एन' उलटा उमटे. आणि मधून मोडून गोळ्या भरायचं प्रत्येक रिव्हॉल्व्हर विलायती नसतं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर सुद्धा तसंच मोडतं.

घासण्याचा सल्ला तर डोकं फिरवणारा. संग्राहक मूळ निळसर-काळ्या मुलाम्याचे पैसे मोजतो. बफ लावला की शिक्क्यांच्या कडा बोथट होतात, अक्षरं पसरट दिसतात आणि जाणकाराला ते भिंग न लावताही कळतं. थोडा गंज चालतो.

राहिला लिलाव. अमेरिकेत गेलेल्या कित्येक मार्क सिक्सची सिलिंडरं .४५ एसीपी या अमेरिकी पिस्तुलाच्या काडतुसांसाठी मागून तासलेली आहेत. तिथेही न तासलेलीलाच जास्त भाव. शिवाय इथून शस्त्र बाहेर पाठवायला वेगळा परवाना लागतो आणि इथल्या इथे विकायचं तर गिऱ्हाईकही परवानावालाच हवा.